रेआल दे कातोर्से: चांदीच्या डोंगरातल्या गावाला पहिल्यांदा जाताना

चांदीला मराठीत जुना शब्द 'रुपे'. रुपया याच घराण्यातला. पण आपल्याकडे चांदीच्या खाणी फारशा नव्हत्याच. मुघलकाळात आणि त्यानंतरही स्पेनच्या अमेरिकी वसाहतींतली चांदी नाण्यांच्या रूपात जगभर फिरत होती. युरोपीय कंपन्यांची जहाजं ती सुरतेला उतरवत, आणि इथल्या टांकसाळींत ती वितळवून रुपये पाडले जात. त्या चांदीचा मोठा वाटा मेक्सिकोच्या डोंगरांतून निघाला. त्यातलाच एक डोंगर, आणि त्याच्या कुशीतलं एक गाव, आजही जाऊन पाहता येतं.

गावाचं नाव रेआल दे कातोर्से. 'रेआल' म्हणजे राजाचं. स्पॅनिश राजवटीत खाणवस्त्यांना 'रेआल दे मिनास' म्हणत. 'कातोर्से' म्हणजे चौदा. हे चौदा कोण यावर गावातही एकमत नाही, कुणी चौदा दरोडेखोर सांगतं, कुणी चौदा सैनिक. हे गाव उत्तर मेक्सिकोच्या कोरड्या पठारावर, सान लुइस पोतोसी राज्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे २,७५० मीटरवर आहे. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे त्याहून हजार मीटरपेक्षा जास्त वर.

अमेरिकेत, विशेषतः टेक्सासात राहणारे बरेच मराठी लोक मेक्सिकोला जातात ते समुद्रकिनाऱ्यासाठी. या गावाला जायचं तर तयारी वेगळी लागते. ती क्रमानं सांगतो.

आधी दिवस ठरवा

जून ते सप्टेंबर पावसाचे महिने. पाऊस कोकणासारखा नसतो, पण दुपारनंतर सरी येतात आणि डोंगरातल्या पायवाटा निसरड्या होतात. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा शून्याखाली जाऊ शकतो. ऑक्टोबरचा उत्तरार्ध, नोव्हेंबर आणि मार्च ते मे हा काळ मला सगळ्यांत सोयीचा वाटतो.

सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत गाव भाविकांनी भरलेलं असतं. ४ ऑक्टोबर हा असिसीच्या संत फ्रान्सिसचा दिवस, आणि त्याची इथली मूर्ती नवसाला पावणारी मानली जाते. गर्दी आवडत असेल तर याच दिवसांत जा, पण खोली कितीतरी आधी राखून ठेवा. ईस्टरच्या आधीचा पवित्र सप्ताहही असाच गर्दीचा. उलट, एरवीच्या मंगळवारी-बुधवारी गेलात तर अर्धी दुकानं आणि खानावळी बंद सापडतील. पहिल्यांदा जाणाऱ्यानं गुरुवारी पोहोचावं आणि शनिवारी सकाळी निघावं. गाव जागंही असतं आणि रेटारेटीही नसते.

दोन रात्री हव्यातच. सकाळी येऊन संध्याकाळी परतणारे पुष्कळ असतात. त्यांना बाजाराची गल्ली दिसते, डोंगर दिसत नाही.

कागदपत्रं

भारतीय पासपोर्टवर मेक्सिकोला व्हिसा लागतो. मात्र अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, जपान किंवा शेंगेन देशांचा वैध व्हिसा हातात असेल, किंवा तिथलं कायमस्वरूपी वास्तव्याचं कार्ड असेल, तर पर्यटनासाठी वेगळा मेक्सिकन व्हिसा लागत नाही. नियम बदलतात, म्हणून तिकीट काढण्याआधी मेक्सिकोच्या वकिलातीच्या संकेतस्थळावर एकदा खात्री करा. भारतातून थेट निघणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं: अमेरिकेत नुसतं विमान बदलायचं असलं तरी अमेरिकेचा व्हिसा लागतो. तो नसेल तर युरोपमार्गे या, आणि त्या देशाचे विमान बदलण्याचे नियमही आधी पाहून घ्या.

विमानतळावर अधिकारी किती दिवसांची परवानगी देतो ते खिडकीपाशी उभं असतानाच वाचा. १८० दिवस ही कमाल मर्यादा आहे, तेवढे मिळतीलच असं नाही.

मातेउआलापर्यंत

तुमचं पहिलं लक्ष्य मातेउआला हे शहर. तिथले लोक नाव उच्चारतात ते मराठी कानाला चक्क 'मातेवाला' असं ऐकू येतं, त्यामुळे बसच्या खिडकीवर विचारताना अडणार नाही. जवळचे मोठे विमानतळ दोन: दक्षिणेला सान लुइस पोतोसी, उत्तरेला मोंतेरेय. सान लुइस ५७ क्रमांकाच्या महामार्गानं मातेउआलाला जोडलेलं आहे, मोंतेरेयहून आधी साल्तियो शहरामार्गे याच महामार्गावर यावं लागतं. सान लुइसहून बसला साधारण अडीच तास लागतात, मोंतेरेयहून चार-साडेचार. मेक्सिको सिटीत उतरलात तर उत्तरेकडच्या बसस्थानकावरून मातेउआलाच्या थेट गाड्या मिळतात, पण तो प्रवास जवळजवळ दिवसभराचा होतो.

लांब पल्ल्याच्या मेक्सिकन बसगाड्या चांगल्या असतात: पाय पसरता येतील अशा खुर्च्या, आत शौचालय, आणि वातानुकूलन इतकं कडक की शाल हाताशी ठेवावी. स्वतःची गाडी असेल तरी माझा आग्रह एकच, प्रवास उजेडी करा. उत्तर मेक्सिकोत काही भागांत रस्त्यावरच्या गुन्हेगारीचा प्रश्न खरा आहे. निघण्याच्या आठवड्यात तुमच्या देशाच्या परराष्ट्र खात्याची त्या राज्याबद्दलची सूचना वाचा, शक्य तिथे टोलचा रस्ता धरा, आणि अंधार पडायच्या आत मुक्कामाला पोहोचा.

मेक्सिकोनं २०२२ मध्ये उन्हाळ्यात घड्याळ पुढे करण्याची पद्धत बंद केली. टेक्सासचा बहुतेक भाग आणि सान लुइस पोतोसी यांची वेळ हिवाळ्यात सारखी असते, उन्हाळ्यात मात्र सान लुइस पोतोसीचं घड्याळ एक तास मागे. परतीची बस चुकवायला एवढं कारण पुरतं.

मातेउआलात उतरलात की दोन कामं उरका. रोख पेसो काढा, कारण वर गावात बहुतेक व्यवहार रोखीत चालतो आणि तिथल्या यंत्राच्या भरवशावर राहू नये. लहान नोटा आणि सुटे पैसे मुद्दाम मागून घ्या. दुसरं म्हणजे मोबाइलवर नकाशा उतरवून ठेवा, डोंगरात संपर्क येत-जात असतो.

फरसबंद रस्ता आणि बोगदा

मातेउआलाहून गावापर्यंतचं अंतर साठेक किलोमीटर, वेळ दीड तास किंवा थोडा जास्त. सेद्राल हे गाव मागे पडलं की डावीकडे फाटा फुटतो, आणि तिथून सुमारे २५ किलोमीटर रस्ता दगडांच्या फरसबंदीचा आहे. गाडी सतत थरथरते. ज्यांना गाडी लागते त्यांनी गोळी आधीच घ्यावी.

रस्ता जिथे संपल्यासारखा वाटतो तिथे बोगद्याचं तोंड दिसतं. हा ओगार्रिओ बोगदा, २.३ किलोमीटर लांब, खाणीच्या कामासाठी खोदलेला आणि १९०१ मध्ये पुरा झालेला. उत्तर स्पेनमधल्या एका लहानशा गावावरून त्याला हे नाव मिळालं. बोगदा एकेरी आहे. दोन्ही टोकांना माणसं उभी असतात, ती एकमेकांशी बोलून एका वेळी एकाच बाजूच्या गाड्या सोडतात. थोडा टोल द्यावा लागतो. मोठी बस आत मावत नाही, त्यामुळे तोंडाशी सगळ्यांना उतरवून छोट्या गाडीत बसवतात. नवख्या माणसाला वाटतं आपण चुकीच्या ठिकाणी उतरलो. तसं काही नाही. सामान उचला आणि बाकीच्यांच्या मागे जा.

आत दिवे अंधुक, भिंती ओबडधोबड, आणि वाटेत दुःखी मातेचं, म्हणजे मेरीचं, एक छोटं देऊळवजा प्रार्थनास्थळ. खाणकामगार कामावर जाताना जिथे हात जोडत असतील तिथून आपण पाच-दहा मिनिटांत निघून जातो. बाहेर पडताच उजेड डोळ्यांवर येतो आणि समोर दगडी गाव उभं असतं.

पहिल्या संध्याकाळी काही करू नका

२,७५० मीटर ही उंची जीवघेणी नाही, पण समुद्रसपाटीवरून आलेल्याला ती जाणवते. डोकं जड होतं, दोन जिने चढले की धाप लागते. पाणी भरपूर प्या, बाटलीबंदच प्या, आणि पहिल्या रात्री दारू टाळा. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा त्रास असणाऱ्यांनी निघण्याआधीच डॉक्टरांशी बोलावं. गुडघ्याचं दुखणं असलेल्या आईवडिलांना नेणार असाल तर बोगद्याच्या जवळची, चढ नसलेली खोली शोधा. इथली गल्ली न् गल्ली चढाची किंवा उताराची, आणि सगळी गोट्यांच्या फरशीची आहे.

राहण्याच्या जागा बहुतेक जुन्या दगडी घरांत आहेत. भिंती जाड, खोल्या सुंदर, आणि गार. पैसे देण्याआधी दोन प्रश्न विचारा: गरम पाणी कोणत्या वेळी येतं, आणि जादा पांघरूण मिळेल का.

गाव पायी पाहा

दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हं वर यायच्या आत चर्चपासून सुरुवात करा. निष्कलंक गर्भधारणेच्या मातेचं हे चर्च गावाच्या मधोमध आहे. संत फ्रान्सिसची मूर्ती इथेच आहे. गावकरी त्याला लाडानं 'पांचितो' म्हणतात, फ्रान्सिस्कोचं घरगुती नाव, जसं आपल्याकडे पांडुरंगाचं पांडू होतं. मूर्तीइतकंच महत्त्वाचं आहे तिथल्या भिंतींवर लावलेलं नवसाचं धन: पातळ पत्र्यांवर रंगवलेली लहान लहान चित्रं. खाणीत दरड कोसळूनही वाचलेला माणूस, आजारातून उठलेलं मूल, अपघातात उलटलेली गाडी, सीमा ओलांडून सुखरूप पोहोचलेला मुलगा, आणि खाली दोन-तीन ओळींत आभार. नवस बोलणं आणि फेडणं ज्या घरांत चालतं तिथून आलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. या भिंतींपाशी घाई करू नका. अक्षरं कळली नाहीत तरी चित्रं वाचता येतात. समोर कुणी गुडघ्यांवर असेल तर कॅमेरा खाली ठेवा.

चर्चसमोर जुनी टांकसाळ आहे. १८६० च्या दशकात इथे अगदी थोडा काळ नाणी पाडली गेली. खाणीचा माल राजधानीला न पाठवता इथेच नाणं पाडायचं, एवढा या गावाचा तोरा होता. आता इमारतीत प्रदर्शनं असतात, इमारत स्वतःच पाहण्यासारखी आहे.

तिथून वर चालत गेलं की कोंबड्यांच्या झुंजीचा गोल आखाडा लागतो, पायऱ्या-पायऱ्यांचा. आता तिथे झुंजींऐवजी कार्यक्रम होतात. गावाच्या उत्तरेच्या कडेला ग्वादालूपेच्या मातेचं जुनं चर्च, त्याला लागून दफनभूमी आणि बैलझुंजीचं मैदान आहे. दफनभूमीतून खालची दरी दिसते. तिथे मी अर्धा तास तरी राखून ठेवेन. या गावात एके काळी पंधरा हजारांच्या आसपास माणसं राहत होती असं सांगतात, आज हजारभर असतील. तो आकडा कबरींमध्ये उभं राहिल्यावर खरा वाटतो.

खाणीचे अवशेष कसे वाचायचे

१७७० च्या दशकात इथे चांदी सापडली, आणि अठरावं शतक संपेपर्यंत कातोर्सेची गणना त्या वसाहतीतल्या सर्वांत श्रीमंत खाणगावांत होऊ लागली. पुढे चांदीचा भाव पडला, १९१० साली क्रांती पेटली, खाणी बंद पडल्या आणि माणसं घरं तशीच सोडून निघून गेली.

त्या काळच्या मेक्सिकोत चांदी कशी काढत हे आधी माहीत असेल तर पडक्या भिंती बोलू लागतात. महाराष्ट्रातल्या गडांवर चुन्याची घाणी तुम्ही पाहिली असेल: दगडी गोल चर, त्यात फिरणारं जड दगडी चाक. मेक्सिकन खाणगावांत त्याच जातीची एक रचना असे, 'आर्रास्त्रा' नावाची. फरशी घातलेल्या गोल खड्ड्यात खेचरं मोठे दगड ओढत फिरत आणि खनिजाचा चिखल होई. तो चिखल दगडी अंगणात पसरून त्यात मीठ, तांब्याचं क्षार आणि पारा मिसळत, आणि पुन्हा खेचरांच्या पायांखाली आठवडेच्या आठवडे तुडवून घेत. पारा चांदीला धरून ठेवी. मग धुवायचं, तापवून पारा उडवायचा, मागे चांदी. ही पद्धत बार्तोलोमे दे मेदिना या स्पॅनिश व्यापाऱ्यानं १५५४ साली मेक्सिकोतल्या पाचूका इथे बसवली. पारा मुख्यतः स्पेनमधल्या आल्मादेनहून येई, आणि त्याचा व्यापार राजानं स्वतःच्या मुठीत ठेवला होता. पारा किती गेला यावरून चांदी किती निघाली असणार याचा अंदाज सरकारला बांधता येई. या साऱ्याची किंमत पारा हाताळणाऱ्या माणसांनी आणि त्यात तुडवणाऱ्या जनावरांनी आपल्या शरीरांनी मोजली.

बोगद्याच्या तोंडापासून वर चढणारी वाट 'भुताच्या गावा'कडे जाते, म्हणजे सोडून दिलेल्या खाणवस्तीच्या भिंतींकडे. चढ तासाभराचा, सावली नाही. टोपी, दोन लिटर पाणी, जाड तळाचे बूट, आणि सकाळची वेळ. एक गोष्ट मी कळकळीनं सांगतो: वाट सोडू नका. डोंगरात जुन्या खाणींची उभी विवरं उघडीच आहेत, काहींना कठडा नाही, काहींच्या कडा गवतानं झाकल्या आहेत. मुलांचा हात धरून चाला. फोटोसाठी काठावर जाऊ नका. दगड आत टाकून खोली मोजायचा मोह होतो, त्या वेळी तुम्ही ज्या कडेवर उभे असता ती किती भक्कम आहे ते तुम्हाला ठाऊक नसतं.

एल केमादो: हे दुसऱ्याचं देऊळ आहे

स्पॅनिश लोक यायच्या कितीतरी आधीपासून हा डोंगर विरारिका लोकांचा आहे. स्पॅनिशमध्ये त्यांना 'विचोल' म्हणतात, ते स्वतःला विरारिका म्हणवतात. गावाच्या पश्चिमेकडचं वाळवंट आणि हे डोंगर मिळून त्यांची पुण्यभूमी विरिकुता होते. सूर्य पहिल्यांदा उगवला तो सेर्रो केमादो या शिखरावर, अशी त्यांची श्रद्धा. हालिस्को, नायारित आणि दुरांगोतल्या आपल्या गावांहून ते इथे यात्रेला येतात, परंपरेनं पायी, पाचशे किलोमीटरहून लांब वाटेनं, ठरलेल्या ठिकाणी ठरलेले विधी करत. दरवर्षी देहू-आळंदीहून पालख्या निघताना पाहिलेल्या माणसाला या वाटेचं मोल कळतं. २०२५ मध्ये युनेस्कोनं या यात्रामार्गाला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. त्याआधी राज्य सरकारनं विरिकुताचं सुमारे १,४०,००० हेक्टर क्षेत्र संरक्षित केलं होतं. तरीही २०१० च्या सुमारास याच डोंगरात पुन्हा चांदी काढण्याचे परवाने एका परदेशी कंपनीकडे होते. विरारिकांनी विरोध केला, आणि २०१२ मध्ये न्यायालयानं काम थांबवण्याचा आदेश दिला.

शिखरापर्यंत घोड्यावरून किंवा पायी जाता येतं, जाऊन-येऊन निम्मा दिवस धरा. घोडेवाले चौकात भेटतात. दर आणि वेळ आधी ठरवा, आणि घोड्याच्या पाठीवर जखम दिसली तर दुसरा मागा. वर दगडांची वर्तुळं आहेत आणि एक लहान देवघर, त्यात मेणबत्त्या, मण्यांनी मढवलेली भांडी, रंगीत सुतानं सजवलेल्या वस्तू वाहिलेल्या असतात. त्यांतलं काहीही उचलू नका, हलवू नका. दगड रचून स्वतःचं वर्तुळ बनवू नका. विधी चालू असेल तर लांब थांबा, आणि फोटो परवानगीशिवाय काढू नका.

पेयोतेबद्दल स्पष्ट बोलायला हवं, कारण बरेच परदेशी पाहुणे त्यासाठीच येतात. खाल्ल्यावर भास घडवणारा हा छोटा निवडुंग विरारिकांसाठी प्रसाद आहे, देव आहे. ते त्याला 'हिकुरी' म्हणतात. तो वाढायला वर्षानुवर्षं लागतात आणि पाहुण्यांनी उपटून उपटून तो कमी होत चालला आहे. मेक्सिकोत तो संरक्षित आहे, मूळनिवासींच्या धार्मिक विधींखेरीज तो तोडणं, बाळगणं, नेणं हा गुन्हा आहे. कुणी 'घेऊन जातो दाखवायला' म्हणालं तर नको म्हणा. त्यांच्या हातचं काही घरी न्यायचंच असेल तर मण्यांचं किंवा सुताचं काम घ्या, बनवणाऱ्या बाईकडून, आणि फार घासाघीस न करता. मण्यांच्या एका वाडग्यात किती दिवसांचं काम आहे ते एकदा विचारून पाहा.

शाकाहाऱ्यांनी काय खावं

उपाशी राहावं लागत नाही, फक्त विचारायचं कसं ते कळलं पाहिजे. 'कार्ने' म्हणजे मांस, पण तिथल्या बोलण्यात अनेकदा फक्त लाल मांस. त्यामुळे 'सिन कार्ने' म्हटल्यावर कोंबडी येऊ शकते. पूर्ण वाक्य पाठ करा: 'सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो', मांस नको, कोंबडी नको, मासा नको. 'मांतेका' म्हणजे डुकराची चरबी, आणि घेवड्याची उसळ पुष्कळदा त्यात परततात. 'मांतेकिया' म्हणजे लोणी. या दोन शब्दांत गल्लत करू नका.

गोर्दिता मागवा: मक्याची जाड भाकरी, फोडून आत सारण. चीज, बटाटा किंवा नोपालेस घालून छान लागते. नोपालेस म्हणजे आपल्याकडे कुंपणाला दिसतो त्या फड्या निवडुंगाची कोवळी पानं. हा निवडुंग मूळचा याच खंडातला, आपल्याकडे नंतर आला. मिरचीसारखाच. एन्चिलादास पोतोसिनास हा या राज्याचा खास पदार्थ, मिरची मळलेल्या लाल पिठाच्या, आत चीज भरलेल्या घड्या. गोल निवडुंगाच्या कोवळ्या कळ्या, 'काबूचेस', मिळाल्या तर सोडू नका. आणि निवडुंगाच्या फळांचा आटवून केलेला 'केसो दे तूना' घरी न्यायला उत्तम. नावात 'केसो' म्हणजे चीज असलं तरी त्यात दूध नाही; दिसायला गडद, चवीला गुळाच्या ढेपेच्या जवळचा.

उतरताना

वेळ असेल तर एकदा जुन्या विलिस जीपमधून पश्चिमेकडे खाली एस्तासिओन कातोर्सेला जा. हा रस्ता खडा आणि अरुंद आहे, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, वाटेत जुन्या खाणीचं धुराडं. लोक हौसेनं टपावर बसतात. मी आत बसायला सांगेन, मुलं असतील तर नक्कीच.

परतीच्या बसची वेळ आदल्या संध्याकाळी तिकीटखिडकीवर पुन्हा विचारून घ्या, दिवसाला मोजक्याच गाड्या असतात. छोट्या गाडीनं बोगदा ओलांडायलाही वेळ जातो, शनिवार-रविवारी रांग असते. म्हणून मातेउआलाहून पुढची जोडबस धरायची असेल तर मध्ये किमान दोन तास मोकळे ठेवा. तिकीट हातात ठेवा. बोगद्यापलीकडे मोठ्या बसमध्ये चढताना ते पुन्हा दाखवावं लागू शकतं.